काठाला लागलेलं लाकूड

२ सप्टेंबर
पुण्याहून दिल्लीला सामान आलं एकदाचं! शार्दूलला नोएडात नोकरी, उत्तराला शाळा आणि मला तळमजल्याचं ऐसपैस अंगण. यमुना चालत जाण्याइतकी जवळ. पूर ओसरल्यावर काठाला लाकडंच लाकडं पडलीत, पाण्याने घासून गुळगुळीत झालेली. गाडीच्या टपावर बांधून आणली. शार्दूल म्हणाला, यार, बायको कलाकार आणि शौक भंगारवाल्याचे. म्हणू दे. नदीने टाकलेल्या ओंडक्यांचं फर्निचर करते, आणि लोक कौतुकाने घरी नेतात.

१० ऑक्टोबर
लाकूड छान वाळलं. उत्तराचा पलंग झाला. उरलेल्यातून निघालेलं स्टूल करोल बागेतल्या अलकनंदाकाकूंनी नेलं. काकू सरकारी नोकरीतल्या, मराठी मंडळात ओळख झाली, आल्याआल्या आम्हाला जेवायला बोलावणाऱ्या त्याच. उत्तरा नव्या पलंगावर हातपाय पसरून झोपली. फार बरं वाटलं.

१४ ऑक्टोबर
पलंग भिंतीपासून हातभर सरकलेला. शार्दूलच्या मते फरशीला उतार आहे. पाणसळ लावून पाहिली, बुडबुडा बरोबर मधोमध. तेवढ्यात काकूंचा फोन. हसत सांगत होत्या, अगं, तुझं स्टूल रोज सकाळी दाराशी येऊन बसतं!

१६ ऑक्टोबर
आमचा पलंग पश्चिमेला सरकतो, काकूंचं स्टूल पूर्वेला. नकाशा उघडून पाहिलं. मधे यमुना.
लाकूड काठाला नुसतं थांबलं होतं. त्याला पुढे जायचं होतं, आणि मी उचलून आणलं. खरंच घाबरले. पलंगाचे पाय बोल्टने फरशीला जखडून टाकले. काकूंनाही तेच करायला सांगितलं.

१८ ऑक्टोबर
पलंग हलला नाही. उत्तरा हलली.
सकाळी अंगणाच्या पश्चिमेकडच्या भिंतीला कपाळ टेकून उभी होती, पाय जागच्या जागी चालत होते. ओरडले तिच्यावर. ती म्हणाली, मी चालत नाहीये आई, मला नेतंय.
लाकूड जखडलं, तर त्याची ओढ माझ्या मुलीत उतरली.

१९ ऑक्टोबर
पलंग उखडला. शार्दूलने नदीत सोडून दिला. चलो, संपलं, म्हणाला.
संपलं नाही. दुपारी उत्तराला शाळेच्या फाटकातून ओढून आणली. पश्चिमेलाच निघाली होती —

२० ऑक्टोबर
काकूंच्या यजमानांचा फोन. काकू सकाळी अनवाणी निघाल्या. स्टूल जखडलेलंच. नदीकाठी फक्त त्यांची साडी सापडली.
मी सांगितलं म्हणून. माझ्यामुळे.

२१ ऑक्टोबर
आत्ताच्या आत्ता पुण्याला. शार्दूल गाडी काढतोय. अंगणात बसलेय, उत्तराला ओढणीने माझ्या कमरेला बांधलंय. ओढणी काचतेय. ती रडत नाही, नुसती ओढते. सोडणार नाही मी तिला. काही झालं तरी —

सैल पडली ओढणी. थांबली वाटतं. देवा —

नाही. थांबली नाही. मीच तिच्या बरोबरीने चालतेय — सगळं लाकूड माझ्याच हातांनी तासलं —

अंगण मागे राहिलं, वही हातातच. शार्दूल हाका मारतोय, लांबून. पायाखाली वाळू. गाठ सुटत नाहीये, मीच बांधली, सुट ना — पाणी गार आहे, उत्तराच्या गळ्यापर्यंत —