तिसरा अंगठा

स्पिनकलै
तला महिन्याची ९ तारीख, १३९१

प्रिय लाला,

सलाम. थकला नसशील, घरी सगळे खुशाल असतील, वहिनीचा गुडघा बरा असेल, मुलं शाळेत जात असतील. इकडे ठीक आहे. तपकिरी शेळीला दोन पिल्लं झाली. अक्रोड झोडायला सुरुवात झाली आहे आणि हिरवी सालं काढून काढून गावातल्या साऱ्या बायकांचे हात काळे पडलेत. आत्याचेसुद्धा. आत्याच्या हातांबद्दल पुढे बरंच लिहायचं आहे.

अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे आणि शब्द सुटे सुटे ठेवले आहेत. तू म्हणशील, मास्तरीण झाली तरी हिचं अक्षर पोरीचंच राहिलं. म्हण. कारण शेवटी सांगते.

तुझं पत्र परवा पोचलं, सोबतचा कोरा तक्ताही. तू लिहितोस, “यादीत आत्याच्या नावापुढे डाग पडला आहे, वरचे लोक ती यादी घेणार नाहीत. नव्या कागदावर सगळ्यांचे अंगठे पुन्हा घे, आत्याचा नीट स्वच्छ घे, आणि आठवड्याच्या आत पाठव. नाहीतर पुढच्या वर्षी वर्ग मंजूर होणार नाही.” आणि खाली वेगळ्या शाईने, “तिला समजाव. ती तुझं ऐकते.”

ते खालचं वाक्य वाचलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पत्र तंदुरात टाकायला निघाले होते. मग म्हटलं, नको, त्यात तुझी सही आहे. झोकदार, शेपटीवाली सही. ती करायला तुला कुणी कधी अडवलं नाही.

डाग म्हणतोस तू त्याला? तो डाग कसा पडला हे तुला माहीत नाही, कारण तू पडद्याच्या पलीकडे खुर्चीत बसला होतास. म्हणून सांगते.

नऊ महिने, लाला. आपल्याच पडवीत अठरा बायका लिहा-वाचायला शिकायला बसल्या. पहिल्या महिन्यात आत्या पेन सुईसारखं धरायची आणि कागद फाटायचा. “वगमे,” म्हणायची, “हे पेन आहे की कुदळ? बोटं दुखली माझी!” साठीला आलेली बाई, पण इतरांपेक्षा आधी येऊन बसायची आणि उशिरा आलेल्यांना टोमणे मारायची. “या, या, नवाबाच्या लेकी! अक्षरं तुमची वाट बघून झोपली.” आपल्या लिपीतल्या ज्या अक्षराला एक टिंब वर आणि एक खाली असतं, ते कुणाच्या डोक्यात राहीना. आत्या म्हणाली, “अगं, सोपं आहे. ही बाई आहे. कपाळावर एक गोंदण, हनुवटीवर एक. माझ्यासारखी.” तेव्हापासून अठराजणींत एकही ते अक्षर चुकली नाही. तुमच्या छापील पुस्तकात असं शिकवलेलं नाही.

स्वतःचं नाव लिहायला तिला चार महिने लागले. जमलं त्या दिवशी तिने ते कोळशाने पिठाच्या कोठीवर लिहिलं, पाण्याच्या माठावर लिहिलं, शेळीच्या खुंट्यावरसुद्धा लिहिलं. जाऊन बघ, अजून आहे.

मग तू आलास. प्रमाणपत्रं घेऊन, तेलाचे डबे घेऊन, गावचा मुलगा, माझा थोरला भाऊ, साहेब होऊन आला म्हणून मलाही कौतुक वाटलं. मी तुतीपासून खांबापर्यंत दोरी बांधून चादर टाकली. बायका आत, तू बाहेर, आणि मी मधे. प्रमाणपत्रावर छापलेलं होतं की ही बाई लिहू-वाचू शकते. आणि ते मिळाल्याची पोच म्हणून तू पिशवीतून काय काढलंस? शाईची डबी!

मी हळूच म्हटलं, “लाला, या सगळ्या सही करतात.”

तू म्हणालास, “म्हणूनच. वर कुणी विश्वास ठेवत नाही. म्हणतात, मास्तरीण एकटी बसून अठरा सह्या ठोकते. अंगठा खोटा करता येत नाही.”

म्हणजे बाई अडाणी राहिली तर खरी, आणि शिकली तर खोटी! कुठल्या शहाण्याच्या डोक्यातून हे निघालं? त्याने एकदा इथे यावं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना शेळी कशी दिसते तेही ठाऊक नसतं. पण तेव्हा हे मी बोलले नाही. तू साहेब होतास, दारात गावचे चार म्हातारे बसले होते आणि मला पुढच्या वर्षीचा वर्ग हवा होता. मी डबी हातात घेतली.

चादरीखालून एकेक हात येत गेला. मी अंगठा शाईत बुडवायची, यादीवर टेकवायची. कुणी कुरकुरलं, कुणी हसलं. शिरिनो म्हणाली, “नऊ महिने माझ्या नवऱ्याचे टोमणे ऐकले ते यासाठी?” सतरा अंगठे झाले. अठरावा हात आला तो पेन घेऊन. त्याने चाचपडत कागद शोधला, रकाना शोधला, आणि सावकाश, एकेक अक्षर जोडत लिहिलं, तोरपेकै.

तू म्हणालास, “हे काय? हे चालणार नाही. अंगठा घे.”

आत्या आतून तुझं नाव घेऊन म्हणाली, “शेरआगा, मी माझं नाव लिहिलंय. वाचता येत नाही का तुला?”

दारातले म्हातारे हसले. तुझे कान लाल झाले, मी पाहिलं. “वगमा,” तू ओरडलास, “अंगठा घे, नाहीतर वर्ग बंद!”

आणि मी घेतला. ती मूठ आवळून होती. मी तिची बोटं एकेक करून सोडवली, अंगठा शाईत दाबला आणि तिच्याच नावावर टेकवला. तुझ्या वरच्या लोकांना दिसतो तो डाग हा आहे. त्याच्या खाली एक नाव आहे.

तिने हात ओढला नाही. चादरीपलीकडून फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाली, “पहिल्या वेळी तुझी बोटं लहान होती.”

लाला, पहिली वेळ कोणती ते तुला माहीत आहे. मी वीस वर्षं ते कुणाशी बोलले नाही. आज लिहिते.

पेशावरच्या निर्वासितांच्या छावणीतून आपण परत आलो ते वर्ष. मी अकराची होते, छावणीच्या शाळेत तीन इयत्ता झाल्या होत्या. तुला बाबांनी कामाला जुंपलं होतं, त्यामुळे तेव्हा घरात वाचता येणारी मी एकटीच. बाबांनी अर्ज लिहिणाऱ्याकडून कागद करून आणला आणि मला म्हणाले, “वाच, त्याने बरोबर लिहिलंय का बघू.” मी घडाघडा वाचलं. ओढ्याकाठच्या जमिनीत आणि सात अक्रोडांत आजोबांकडून आत्याला आलेला वाटा तिला पोचला आहे, आणि तो तिने राजीखुशीने भावाला सोडला आहे. बाबा खूश झाले. मग म्हणाले, “आत्याला सांग, तंबू आणि गव्हाच्या यादीचा कागद आहे. तुझं ऐकते ती.”

बघ, तुझ्या पत्रातलं वाक्य. शब्दसुद्धा तेच आहेत. बापाची जमीन घेतलीस, अक्रोड घेतलेस, आणि हेही घेतलंस.

मी सांगितलं. तिला नवरा जाऊन वर्ष झालं नव्हतं. तिने काही विचारलं नाही, अंगठा पुढे केला, आणि मी तो धरून टेकवला. बाबांनी मला लाल प्लास्टिकच्या चपला आणल्या. तू मला चिडवलंस, “कागदवाली बाई!” म्हणजे तुलाही माहीत होतं. त्या चपला मी फाटेपर्यंत घातल्या, हेही लिहून टाकते.

लोक म्हणतात, शिक्षणाची आवड म्हणून वगमाने गावात वर्ग काढला. मीही तसंच सांगत आले. आता तुला खरं कारण कळलं.

प्रमाणपत्रं वाटून तू गेलास त्या संध्याकाळी आत्या तंदुरापाशी बसून राखेने अंगठा घासत होती. तू दिलेला तेलाचा डबा शेजारी होता. “तेलाचा काय दोष?” म्हणाली. मी तिच्यासमोर बसले आणि रडले. ती म्हणाली, “रडू नकोस, राख ओली होते.”

मी विचारलं, “आत्या, तुला तेव्हाच कळलं होतं?”

“खोटं बोलताना तू एक पाय दुसऱ्या पायावर ठेवायचीस. अजून ठेवतेस.”

“मग अंगठा का दिलास?”

“भावाने पुढे केलेला कागद होता गं. भावाला नाही म्हटलं तर विधवेने जायचं कुठे? सारा गाव म्हणाला असता, बघा, बापाच्या झाडांवर डोळा ठेवून बसली.” मग बराच वेळ ती घासत राहिली. “त्याने मागितली असती ना, तर ती झाडं मी हसत दिली असती. मागितलीच नाहीत. गव्हाची यादी म्हणाला. मी काय कोंबडी आहे, दाणे दाखवून बोलवायला?”

कागदात काय होतं ते मी सांगायला लागले, मला अजून ओळन् ओळ पाठ आहे. तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. तोंडात राख गेली. म्हणाली, “तू सांगू नकोस. तू एकदा सांगितलंस. आता मी वाचीन.”

लाला, तिने जमीन मागितलेली नाही. कुणावर ओरडली नाही. मला राग येतो तो त्याचाच. ती ओरडत नाही म्हणून आपण सगळे तिचा हात धरत आलो. बाबांनी धरवला, तू धरवलास, आणि दोन्ही वेळा धरणारी मी. आता तुला तिसऱ्यांदा हवा आहे, तोही स्वच्छ! इतकी वर्षं तिच्या अक्रोडांची पोती तुझ्या घरी जातात आणि तिच्या अंगठ्याचा तुला डाग दिसतो?

तुझा कोरा तक्ता सोबत परत पाठवते आहे. तो आता कोरा नाही. त्यावर अठरा सह्या आहेत. मी फक्त शिरिनोला विचारलं होतं, तिने सगळ्यांना गोळा केलं. अक्रोडाने काळे झालेले हात आहेत, त्यामुळे कागदाच्या कडा मळल्यात, पण अंगठा एकही नाही. वरच्यांना खोटं वाटलं तर त्यांना घेऊन ये. पुन्हा चादर टाकते. प्रत्येक हात त्यांच्यासमोर सही करील.

वर्ग बंद करायचा असेल तर कर. फळा तुमचा आहे, घेऊन जा. पिठाच्या कोठीवर लिहिता येतं हे आम्ही पाहिलं आहे. भीती वाटत नाही असं नाही. माझा पगार जाईल, गावात बोललं जाईल, तू बोलणं टाकशील. वहिनीला आणि मुलांना भेटता येणार नाही याचं फार वाईट वाटेल. तरी पाठवते आहे.

आणि बाबांची लोखंडी पेटी तुझ्या पलंगाखाली आहे. त्यात तळाशी, हिरव्या फडक्यात, तो कागद आहे. मागच्या ईदला मी पाहिला होता.

अक्षर मोठं का काढलं ते आता सांगते. हे पत्र मी बंद न करता आत्याच्या हातात देणार आहे. ती वाचेल आणि मगच ते तुझ्याकडे येईल. मी तिच्याबद्दल जे लिहिलं आहे आणि माझ्याबद्दल जे लिहिलं आहे, ते तिने माझ्या तोंडून ऐकायचं नाही. खाली जागा सोडली आहे. तिला काही लिहायचं असेल तर ती लिहील. मी हात लावणार नाही.

वहिनीला सलाम, मुलांना माया.

तुझी धाकटी बहीण आणि बाबांची कागदवाली,
वगमा

शेरआगा बाळा सलाम
पत्र मी वाचलं तीन दिवस लागले
वगमाने सगळं खरं लिहिलं
अंगठा आता मिळणार नाही
माझ्या भावाचा कागद घेऊन ये मी वाचीन
सही करायची का ते मग ठरवीन
तोरपेकै