घर बंद आढळले

३ जाने.
तालुक्याले जनपद पंचायतीची मीटिंग. मोठे साहेब टेबल ठोकून म्हणे, "सरकारी तिजोरी खाली है। पेन्शन के नाम घटाओ।" घरोघर तपासणी. जो घरी सापडला नाही, तो कटला. मीच तरकीब सांगितली: परसवाड्याच्या बाजाराच्या दिवशी जाऊ, घरं आपोआप बंद सापडतीन. साहेब खूश. बारा वर्षं ग्रामपंचायतीची सचिवकी केली, आज पहिल्यांदा कोणी पाठ थोपटली.

८ जाने.
बाजार. गाव रिकामं. कुलूप दिसलं की लिवाचं, "घर बंद आढळले". अर्धी यादी साफ. जयाबाईच्या दारापाशी हात थांबला. विधवा बाई, माह्या रोजच्या डब्याचं तीच पाहते. पण साहेब मागंच उभे. लिवून टाकलं.
मग पंचायतीत जेवण. कोंबडीचा रस्सा, तांदळाच्या भाकरी. सयपाक जयाबाईचा. सकाळपासून तिथंच चुलीपाशी होती. साहेबानं दोनदा मागून खाल्लं.

१५ जाने.
कटलेल्या नावांची यादी लागली. जयाबाई आली.
"काहून कटलं जी माह्यं नाव?"
"घर बंद होतं न बाई."
"अजी, मी तं तुमच्यासाठीच भाकरी थापून राह्यलती!"
बीपीच्या गोळ्या त्याच पैशातून घेते. म्हटलं, जिवंत असल्याचा दाखला लागते, सचिवाच्या सहीचा.
"सचिव म्हणजे तुमीच न?"
हौ. म्हटलं, उद्या ये.

२२ जाने.
दाखल्याचा अर्ज रोज डब्यासंगं आणते. साहेबाले फोन केला. "एक जोड़ोगे तो एक काटना पड़ेगा।" कोणाले काटू? सही राह्यली.
ती म्हणे, "आधी जेवून घ्या, सही मंग."
खाल्ल्या घरचे वासे मोजणारा हरामखोर मी. तरी चौथ्या भाकरीले हात गेलाच.

३० जाने.
दोन दिवस डबा नाही. आज सही ठोकली, शिक्का मारला, अर्ज घेऊन तिच्या घरी गेलतो. कुलूप.
शेजारीण म्हणे, "गोंदियाले नेलं लेकीनं, दवाखान्यात. अंगाची एक बाजू हालेच ना. गोळ्या तं कधीच्याच संपलत्या." जित्ती हाय का, विचारलं. "काय माहीत बापा. फोन लागून नाही राह्यला."
अर्ज दाराच्या फटीतून सरकवावा म्हटलं. मग खिशात घातला. त्यावर आजची तारीख टाकलती. आज ती जित्ती हाय, असं मी लिवून देल्लं.
वाटेतच साहेबाचा फोन. "तुम्हारा तरीका अब पूरे ब्लॉक में चलेगा।"
जी साहेब म्हटलं. दुपार टळली होती, अन् मले भूक लागलती.