बेचाळीस सह्यांची स्वच्छ प्रत

सेंट हेडविग, मिशिगन
सोमवार, २७ नोव्हेंबर २०१७

चि. सौ. बर्नाडीन हिस मामाचे अ. उ. आ.

गुडघा सोडल्यास येथे सर्व कुशल. फोनवर तू बोलतेस त्यातले अर्धे मला ऐकू येत नाही आणि उरलेले मी चुकीचे समजतो, म्हणून लिहितो.

तू सोपविलेले काम पूर्ण झाले. मतदारसंघांच्या रेघा आमदारांनी आपल्या सोयीने न आखता नागरिकांच्या मंडळाने आखाव्यात, हा प्रस्ताव पुढील वर्षी मतदानाला ठेवावा, या मागणीवर बेचाळीस सह्या मिळविल्या. सहा कागद सोबत आहेत. त्यातील एक सही वाचण्यापूर्वी खुर्चीत बसून घे. ती तुझ्या वडिलांची, अल्फोन्स यांची, आहे. राजकारणावरून भांडल्यापासून नऊ वर्षे आम्ही केवळ हवामानावर बोलत होतो. सही करताना ते मला म्हणाले, ‘ही सही तुझ्या पक्षाला नाही, उगाच फुगू नकोस. माझ्या बीटाच्या शेतातून तुझे स्वयंपाकघर दिसते, तरी तुझा आमदार वेगळा नि माझा वेगळा, आणि दोघांचेही तोंड आपण पाहिलेले नाही, त्या रागाची ही सही आहे.’

मात्र लोकांना कागदाची किंमत नाही. बहुतेक सह्या चर्चमधील शुक्रवारच्या मासळीच्या पंगतीत झाल्या, त्यामुळे सर्वत्र तेलाची बोटे. अल्फोन्स यांच्या कागदावर बीटाचे सार सांडले. तो मी शेगडीजवळ वाळत घातला, तर जळून गेला. असे कागद राजधानीस पाठविणे मला प्रशस्त वाटेना. मी चौथीपर्यंतच शिकलो; परंतु शाळेतील सिस्टर लुडमिला डागाची वही परत करीत, हे विसरलो नाही. म्हणून दोन दिवस बसून सर्व कागद कोऱ्या नमुन्यांवर स्वच्छ उतरविले. प्रत्येकाच्या सहीचे वळण जसेच्या तसे साधले आहे. जळालेल्या कागदावरील आठ जण मला तोंडपाठ होते.

शाबासकीची अपेक्षा नाही. दिल्यास परत पाठविणार नाही.

तुझा,
काझीमिर मामा


गुरुवार, ३० नोव्हेंबर २०१७

ति. मामांस बर्नाडीनचा सा. न. वि. वि.

मामा, बाबांची सही वाचून मी खरंच खाली बसले. मग पुढचं वाचलं, आणि उठताच येईना.

अहो, सही ज्याची त्यानेच करायची असते! दुसऱ्याने उतरवली की ती खोटी सही होते, मग अक्षर कितीही देखणं असो. तो गुन्हा धरतात. विरोधक आमच्या कागदांत नेमकं हेच शोधत बसलेत. तुमचे सहा कागद सापडले, तर सगळ्या जिल्ह्याच्या कागदांवर शंका घेतील. आणि उभ्या जन्मात कुणाच्या झाडाचं सफरचंद न उचललेला माझा मामा लबाड ठरेल.

तुमचे कागद माझ्या कपाटात कुलपात आहेत, कुणाला दाखवले नाहीत. मूळ कागद कुठे आहेत? देवाशपथ, टाकून दिले नसाल ना? तेलकट असले तरी चालतात. जळाला त्यावरच्या आठ जणांना मात्र पुन्हा भेटावं लागेल, बाबांनाही. सगळ्यांच्या सह्या झाल्यावर तळाशी तुम्ही तुमची सही आणि तारीख घाला. शनिवारी, नऊ तारखेला, आमची पेटी राजधानीला निघते.

रागावू नका. रागावलात तरी आधी कागद पाठवा.

तुमची,
बर्नाडीन


बुधवार, ६ डिसेंबर २०१७

चि. सौ. बर्नाडीन हिस अ. उ. आ.

तुझे पत्र तीनदा वाचले. चूक माझी आहे, हे येथे स्पष्ट लिहितो, म्हणजे पुन्हा लिहावे लागणार नाही.

मूळ पाच कागद सुरक्षित आहेत. दुसऱ्या माणसाचे नाव असलेला कागद मी कधीही फेकीत नाही. ते पोळपाटाखाली दाबून ठेविले होते. कपाटातील प्रती तेवढ्या परत पाठव.

उरले आठ जण. शनिवारी सकाळी टोपी हातात घेऊन तुझ्या वडिलांच्या दारात उभा राहिलो आणि सर्व सांगितले. अल्फोन्स इतके हसले, की त्यांना ठसका लागून पाणी द्यावे लागले. म्हणाले, की चाळीस वर्षे माझ्या पत्त्यांच्या डावात खोट काढत आलास, आणि स्वतः बेचाळीस जणांच्या सह्या ठोकल्यास होय रे! मग त्यांनी सही केली, कोट चढविला आणि मला म्हणाले, की बस गाडीत, तुझ्या गुडघ्याने सात दारे व्हायची नाहीत. प्रत्येक दारात त्यांनी माझा गुन्हा माझ्याआधी सांगितला, दर वेळी थोडा वाढवून. शेवटच्या दारी मी दोनशे सह्या केल्या होत्या. तथापि सातही जणांनी हसतहसत पुन्हा सही केली, आणि परतताना आम्ही हवामानाविषयी एक शब्दही बोललो नाही.

त्यांच्या सहीची माझी प्रत अल्फोन्स यांना हवी आहे. स्वतःची सही इतकी चांगली दिसलेली त्यांनी पाहिली नाही, म्हणून स्वयंपाकघरात लावणार आहेत. गुन्ह्याचा कागद भिंतीवर लावता येतो का, ते तू कळव.

आज सहाही कागदांच्या तळाशी मी माझी सही केली. अखेरच्या कागदावर माझ्याच नावावर शाईचा मोठा थेंब पडला. कोरा नमुना जवळच होता.

कागद तसाच पाठवीत आहे.

माया पहिल्यासारखी ठेव,
काझीमिर मामा