उजव्या कवाडाचा द्वारपाल

मी, तान वेनश्यू, लुआन घराण्याची सून, वय पंचाहत्तर, धंदा लाकडी ठसे कोरणे, राहणार होंगमियाओ गाव, शानतुंग प्रांत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हात थरथरतो, पण तो लेखणी धरल्यावर. सुरी धरली की अजून थांबतो. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण नव्या वर्षाला दोन्ही कवाडांवर एकमेकांकडे बघणाऱ्या द्वारपालांची छापील जोडी चिकटवायची रीत असता, गेली सत्तावीस वर्षे माझ्या दाराच्या डाव्या कवाडावरच द्वारपालाचे चित्र असते, उजवे कवाड कोरे असते, आणि त्यावरून मला भ्रम झाला आहे असे अर्धे गाव म्हणते.

कलम पहिले. घर, अंगण आणि अंगणातले खजुरी बोराचे झाड मुलगा देचंग यास द्यावे. छपाईच्या खोलीत त्याने कोंबड्या ठेवू नयेत. एकदा ठेवल्या होत्या. पाऊस पडला की तो वास अजून येतो.

कलम दुसरे. सर्व रंगांच्या फळ्या, ब्रश, छपाईचे मेज आणि बारापैकी अकरा सुऱ्या सून पेइफेन हिला द्याव्यात. या घरात विद्या सुनेला मिळते, लेकीला नाही, कारण लेक लग्न होऊन गेली की घरची कला परक्या घरी जाते. मलाही ती अशीच मिळाली. नवरा लढाईवरून आला तेव्हा त्याच्या उजव्या हाताला दोनच बोटे उरली होती, म्हणून सासऱ्यांनी सुरी माझ्या हातात दिली. पुढे द्वारपाल बंद करून नव्या काळाची चित्रे काढा, असा वरून हुकूम आला. मी रडकुंडीला आले, तर सासरे म्हणाले, "सूनबाई, दाराला कवाडं अजून दोनच आहेत ना? मग दोन माणसं कोर. एकाच्या हातात कोयता दे, दुसऱ्याला ट्रॅक्टरवर बसव." मी कोरली. ट्रॅक्टरवाल्याच्या भुवया जुन्या द्वारपालाच्याच ठेवल्या. कोणाच्या लक्षात आले नाही.

कलम तिसरे. एकोणीसशे सहासष्ट साली, जुने ते सगळे मोडायचा हुकूम सुटला तेव्हा, लाल पट्टेवाल्या पोरांनी आमच्या दोनशेच्या वर फळ्या खळ्यात नेऊन जाळल्या. डाव्या द्वारपालाची फळी वाचली, कारण तिच्या पाठीवर मी कणीक मळत होते. "हे काय?" झडतीला आलेल्या पोराने विचारले. मी म्हटले, "पोळपाट. वाफवलेले पाव होतायत, खाऊन जा." तो तीन खाऊन गेला. उजवा द्वारपाल मात्र जळला. आता जिल्ह्याचे एक साहेब ही वाचलेली फळी मागायला दोनदा येऊन गेले. "आजी, काचेच्या कपाटात ठेवू, दिवा लावू," म्हणाले. मी विचारले, कपाटात बसून तो कोणाचे दार राखणार? साहेबांना फळी देऊ नये. चहा द्यावा.

कलम चौथे. शेजारीण स्यूंग गुइझेन हिच्याकडे माझा खळ लावायचा मोठा ब्रश एकोणीस वर्षांपासून आहे. तो तिने ठेवून घ्यावा. मात्र माझ्या दाराला 'काणे दार' म्हणते, ते सोडावे.

कलम पाचवे. हे माझी मुलगी च्यूहे हिच्यासाठी आहे. ती दूर पश्चिमेला, शिनच्यांगमध्ये शिहेझी येथे राहते. पत्ता देचंगकडे आहे.

च्यूहे चौदा वर्षांची असताना तिला रंग घोटायची परवानगी होती, सुरीची नव्हती. तिने जुन्या खाटेच्या फळीवर, माझ्या नकळत, जळालेला उजवा द्वारपाल आठवणीने कोरला आणि मला आणून दाखवला. "आई, बघ ना. हा त्याच्याकडे बघतोय की नाही?"

मी डावी फळी शेजारी ठेवून पाहिले. बघत होता. "कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. तुझ्या मागे उभी राहून बघितलं."

"मागे उभं राहून चोरलंस म्हण की."

मी तिला पाणी आणायला विहिरीवर पाठवले. ती परत आल्यावर तिच्यादेखत फळी चुलीत घातली. झडती होईल या भीतीने जाळली, असे मी आजवर सर्वांना सांगत आले. येथे खरे लिहिते. भीती अर्धी होती. उरलेले अर्धे असे, की तसा डोळा मला अडतिसाव्या वर्षी कोरता येत नव्हता, आणि तो माझ्या पोरीने कोरला होता. ती रडली नाही. "लाकूड ओलं आहे, धूर बाहेर दिसेल, झाकण लाव," एवढेच म्हणाली. एकोणिसाव्या वर्षी कापसाच्या मळ्यांवर गेली, तिकडेच लग्न केले. दर नव्या वर्षाला बेदाणे पाठवते. पत्रात सगळ्यांची खुशाली असते, चित्रांबद्दल एक ओळ नसते. मी ते बेदाणे एकेक करून खाते, म्हणजे वसंतापर्यंत पुरतात. मला तिची फार आठवण येते.

बंदी उठल्यावर मी उजवा द्वारपाल तीनदा कोरला. बाजारात तो खपतो. पण तो जोडीदाराच्या डोळ्यात बघत नाही, खांद्याकडे बघतो. म्हणून माझ्या दारावर मी त्याला लावत नाही.

च्यूहेला पुढील वस्तू द्याव्यात: डाव्या द्वारपालाची फळी, नासपतीच्या लाकडाची वीस वर्षे सावलीत वाळवलेली एक कोरी फळी, सासऱ्यांची बारावी सुरी, आणि एक कागद. ती विहिरीवर गेली होती तेवढ्या वेळात मी तिच्या फळीला शाई लावून एकच ठसा उमटवून घेतला होता. तो माझ्या लग्नाच्या पेटीच्या अस्तरात आहे. हे मी कोणालाही सांगितलेले नाही.

त्यावरून नवी फळी कोरायची तर कागद फळीवर पालथा चिकटवावा लागतो आणि रेषा सोडून बाकीचे लाकूड कागदासकट कोरून काढावे लागते. फळी तयार होते, कागद जातो. कागद एकच आहे. मी कितीदा खळ कालवली आणि तशीच वाळू दिली.

पोरी, जे शिकवले नाही ते आता लिहून देते. खळ पातळ ठेव. कागद तळहाताने बसव, बोटांनी नको. दाढी आधी, चिलखत नंतर, चेहरा सर्वांत शेवटी. सुरी आपल्याकडे ओढ, पुढे ढकलू नकोस. कागद जाईल म्हणून थांबू नकोस. मी थांबले, आणि कवाड कोरे राहिले. मला नेल्यावरही ते तू येईपर्यंत कोरेच ठेवावे, असे देचंगला बजावले आहे.

डोळ्याबद्दल मात्र मला काही लिहिता येत नाही. तो तुलाच येतो. पेइफेनला शिकव.

हे मृत्युपत्र मी साक्षीदारांसमोर वाचून दाखवले व सही केली. वाचताना दोनदा थांबले, ते चष्म्यामुळे नव्हे.

सही: तान वेनश्यू
साक्षीदार: १. स्यूंग गुइझेन, शेजारीण (ब्रश परत आणून दिला) २. ब्यान होंगती, कागदाचे व्यापारी
स्थळ: होंगमियाओ
दिनांक: कुत्र्याचे वर्ष, बारावा चांद्रमास, बावीस, म्हणजे ९ फेब्रुवारी २००७

सोबत: डॉक्टरांचा दाखला, एक. कागद, एक, पेटीच्या अस्तरातून काढलेला. घडी घालू नये.