झोपलेला काटा आणि मामांचा लाख

तीर्थस्वरूप मामा यांस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (अगदी शब्दशः साष्टांग, तीन दिवस जीपखालीच आडवा होतो.) तुमचा नवा गुडघा काय म्हणतो? डॉक्टरांनी क्लच दाबायची परवानगी दिल्याचं मामींकडून कळलं. फार आनंद झाला आणि लगेच भीतीही वाटली. भीतीचं कारण सांगायलाच हे पत्र.

जीप माझ्या हवाली करताना तुमची एकच अट होती, की मीटरवर लाख पुरे होऊन सगळी शून्यं येतील तेव्हा स्टिअरिंगवर तुम्ही असणार. म्हणून तुम्ही दर रविवारी फोनवर आकडा विचारता आणि कॅलेंडरवर मांडता. मामा, गेले चार महिने तो आकडा मी मनानेच सांगतोय. तुमच्या ऑपरेशनच्याच आठवड्यात वेगाचा काटा शून्यावर झोपला आणि आकडे जागच्या जागी थिजले. शुद्धीवर आल्याआल्या तुम्ही आधी पाणी मागितलंत आणि मग आकडा. अशा माणसाला काय सांगणार? दिला एक ठोकून. पुढे दर रविवारी त्यात थोडी भर घालत गेलो. गेल्या रविवारी तुम्ही म्हणालात, "पुढच्या रविवारी लाख होतोय रे, बॅग भरली!" आणि माझं धाबं दणाणलं.

काट्याशिवाय आमचं अडत होतं असं नाही. तीसला काच वाजते, चाळीसला मागची हत्यारपेटी आणि पन्नासला तुमची भाचेसून. पण आकडा कोण हलवणार? मी आधी मीटरची केबल बदलली. मग डॅशबोर्ड उघडून मीटर काढला, फुंकला, परत बसवला. (तीन स्क्रू उरले. जपून ठेवलेत.) काटा ढिम्म. शेवटी नाक मुठीत धरून मिस्त्रींकडे गेलो. काहीही विचारलं तरी "बघू" म्हणतात म्हणून सगळे त्यांना बघूमिस्त्रीच म्हणतात. रोग होता ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सच्या मागच्या, पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या त्या लोखंडी पेटीत. त्यांनी मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा, प्रोपेलर शाफ्ट, सोडला, तर त्यामागचा मोठा नट नुसत्या हाताने फिरला. त्या नटाने दाबून धरायचा मीटरचा गिअर पेटीतल्या शाफ्टवर सैल झाला होता. शाफ्ट गरगर फिरायचा आणि हा आपला स्वस्थ! मिस्त्रींनी सगळं पुसून गिअर बसवला, पान्याला पाइप लावून आम्ही दोघांनी नट आवळला आणि जीप रस्त्यावर काढली. काटा उठला, मामा. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मिस्त्रींचे उपकार मी विसरणार नाही.

परत आल्यावर ते हळूच म्हणाले, "आकडा पुढे ढकलून देऊ का? मामांना पत्ता लागणार नाही." खोटं कशाला बोलू, मी हो म्हणणारच होतो. पण आठवलं, तुम्ही मला गाडी शिकवलीत त्या पहिल्याच दिवशी मी शेजाऱ्यांची भिंत पाडली आणि तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, "गाडी मी चालवत होतो." तेवढ्यामुळे मी दुसऱ्या दिवशी पुन्हा स्टिअरिंगला हात लावला. त्या माणसाला खोटा लाख दाखवायचा? नाही जमलं.

रागवा, पण या.

तुमचा अपराधी भाचा

ता. क. मीटरवरचा खरा आकडा अठ्ठ्याण्णव हजार चारशे आहे. उरलेले सोळाशे किलोमीटर एका रविवारी संपायचे नाहीत. तेव्हा महिनाभराचे कपडे घ्या, मामींना घ्या आणि सगळे तुम्हीच चालवा. मी शेजारी बसेन. खरं म्हणजे एवढंच मागायचं होतं.

आणखी एक. गिअरखाली शाफ्टला पत्र्याची एक पट्टी गुंडाळलेली निघाली, गुलाबी फुलांची. मिस्त्री म्हणाले, "कुणीतरी हा गिअर पूर्वीही घट्ट केलाय. फार वर्षं टिकलं काम." फुलं मी ओळखली. मामींच्या पावडरचा डबा! तोच, जो हरवल्याचा आळ लहानपणी माझ्यावर आला होता. म्हणजे काटा तुमच्याकडेही झोपला होता. किती महिने, ते तुम्हालाच माहीत. जीपचा खरा लाख कधीच होऊन गेला असणार. पट्टी माझ्या खिशात आहे. डबा मीच हरवला होता, असं मामींना आजही सांगेन.