गव्हाण भरून ड्युटीला

३ मार्च, सोमवार
आणि परत खापर माझ्याच डोक्यावर. ताई म्हणते, मी दुपारी फोन केला नाही म्हणून अण्णा जेवले नाहीत. म्हणजे घास हिने भरवायचा, तोंड त्यांनी मिटायचं आणि दोष इतक्या लांब परदेशात बसलेल्या माझा. मी काय चमचा आहे?

अण्णांना अर्धांगाचा झटका आल्यापासून दोन महिने हेच चाललंय. डॉक्टर म्हणतात, गिळता येतं पण मनावर घेत नाहीत. व्हिडिओ कॉलवर मी दिसलो की अण्णा तोंड उघडतात. बाकी कोणी काही म्हणो, दात घट्ट. सकाळ-संध्याकाळ घोटभर दूध. खरं जेवण दुपारचंच.

त्यांच्या जेवणाची वेळ म्हणजे इथली माझी एक ते दीडची सुट्टी. लॉन्ड्रीत ड्युटी सहा ते सहा, फोन लॉकरमध्ये. दिवसभरात फोन हातात येतो तो तेवढा अर्धा तास.

आणि नेमकी तीच जनावरांची वेळ. ताईला किती वेळा समजावलं. बेटावरचा गेम आहे. आपण लॉगआऊट झालो तरी तिकडे दिवस चालूच राहतो आणि पाळलेल्या जनावरांना भूक लागतच राहते. पाला खाणाऱ्यांचं काही नाही, गव्हाण भरली की तीन दिवस बघायला नको. पण माझा डायनासोर ढमाल्या मांस खातो आणि गव्हाणीतलं मांस आठ तासांत सडतं. पहाटे पाचला भरलं की एकला नासलं. दुपारी बदललं नाही तर संध्याकाळपर्यंत खेळ खलास.

ताई म्हणाली, मग मरू दे की ती पाल. पाल! अंड्यातून काढलाय मी त्याला.

५ मार्च
टाइमटेबल केलं. १.०० ते १.१५ अण्णा. १.१५ ते १.२५ ढमाल्या. १.२५ ते १.३० मी. फोन एकच, कॉल लागला की गेम बंद पडतो, म्हणून वाटणी करावीच लागते. अख्ख्या लॉन्ड्रीत एवढं प्लॅनिंग करणारा दुसरा नाही. उद्यापासून कडक अंमल.

६ मार्च
अण्णा एक घास दीड मिनिट चावतात. हे धरलंच नव्हतं.
आठव्या घासाला त्यांनी विचारलं, जेवलास का. जीभ जड झालीय, पण एवढं कळतं. हो म्हटलं. मग नेटवर्क गेलं असं सांगून कॉल कापला. ताईचा मेसेज: नेटवर्क गेलेला माणूस सांगून जात नाही.
ढमाल्याला मांस घातलं. मी उपाशी. याला त्याग म्हणतात, पण कोण म्हणणार.

८ मार्च
कॉल लांबला. अण्णा सोळा घास जेवले. संध्याकाळी लॉगिन केलं तर लाल अक्षरात ओळ आलेली: पिवळी भुकेने मेली. पिवळी म्हणजे ढमाल्याची जोडीदार.
खोलीत माझ्या वरच्या बंकवर एक वेल्डर राहतो. तो म्हणाला, बाप सोळा घास जेवला, पार्टी दे. वयाने मोठा आहे म्हणून सोडून दिलं.
ताईला कळवलं. तिने विचारलं, पिवळी कोण. सांगितल्यावर फोन ठेवला.

११ मार्च, संध्या. ७.४०
सुचलं! पाला खाणाऱ्यांना मी लागतो का? नाही. गव्हाण लागते. मग अण्णांनाच मी समोर कशाला लागतो? त्यांनाही गव्हाण करायची.
इस्त्रीचा शर्ट घालून बाथरूममध्ये उभा राहिलो, तिथे उजेड बरा आहे. वीस मिनिटांचा व्हिडिओ. दर दीड मिनिटाने: शाब्बास अण्णा, अजून एक. मधल्या वेळात नुसतं हसायचं. गाल दुखले. वेल्डर बाहेरून दार बडवत होता. पाठवून दिला.

१२ मार्च
जमलं! ताईने फोन पेल्याला टेकवून ठेवला. अकरा घास. तिकडे ढमाल्या फुल, गव्हाण फुल, आणि मी आठवड्यात पहिल्यांदा बसून जेवलो. एवढी अक्कल शिकून येत नाही. सातवीत शाळा सुटली तेच बरं झालं.

१४ मार्च
दहा घास. सगळं सुरळीत. इतकी वर्षं लोक उगाच फोन करत बसलेत.

१७ मार्च
सात घास. ताई म्हणते, अण्णा मधेच जेवलास का विचारतात आणि तू म्हणतोस शाब्बास. मग ते थांबतात. परत विचारतात. परत शाब्बास.
किरकोळ दुरुस्ती आहे. आठव्या घासाला "हो, जेवलो" टाकून नवा व्हिडिओ पाठवला.

१८ मार्च
आज त्यांनी पाचव्यालाच विचारलं.

१९ मार्च
आता प्रत्येक घासानंतर "हो, जेवलो" टाकलं. कधीही विचारा.
ताईचा फोन संध्याकाळी आला. दोन घास. मग अण्णांनी डाव्या हाताने फोन धरला, हळूच पालथा घातला आणि भिंतीकडे तोंड केलं. ताई रागावली नाही. रागावते तेव्हा बरं वाटतं.

२० मार्च
ठरलं. उद्या एकला स्वतः फोन. काही झालं तरी.

२१ मार्च
झालं असं की रोलरमध्ये चादर अडकली. सुपरवायझर म्हणाला, आधी ती काढ, मग जेव. लॉकरपाशी पोचलो तर एक वाजून बारा. ढमाल्याची भूक लाल झालेली. म्हटलं दोन मिनिटांत मांस टाकतो आणि लावतो कॉल. गेममधल्या पेटीतलं मांसही सडलेलं. शिकार करावी लागली. शिकार संपली आणि घंटा झाली.
ताईचे सात मिस्ड कॉल. उद्या नक्की.

२२ मार्च
उद्या नक्की.

२३ मार्च, रविवार
सुट्टी. झोपलो. उठलो तेव्हा चार वाजलेले. ताईला म्हटलं, आठवडाभराचा थकवा आहे. ती म्हणाली, अण्णांचं अंग उचलायला आता मी एकटी पुरते.

२५ मार्च
ढमाल्या पूर्ण मोठा झाला. वेल्डर वाकून बघत होता. विचारलं, हा काय करतो? म्हटलं, अजून काही नाही, सध्या खातो.
तो वरच्या बंकवर चढला. मग म्हणाला, उद्या मी तुझ्या कॅन्टीनला येतो. लॉन्ड्रीची वाफेची लाइन जोडायला त्याला तसंही यायचं होतं.

२६ मार्च
१.०० ला कॉल. अख्खा अर्धा तास. गेम उघडला नाही.
अण्णांनी फोनकडे बघितलं. तोंड मिटलेलं. म्हटलं, अण्णा, मी आहे. खरा. हात हलवला. आजची तारीख सांगितली. कॅन्टीन फिरवून दाखवलं. ताई म्हणाली, काहीतरी विचारा ना त्याला, उत्तर देईल तो. त्यांनी विचारलं नाही. मीच सांगितलं, अण्णा, मी जेवलो नाही अजून. खरंच नाही.
वेल्डरने फोन हिसकावून घेतला. म्हणाला, काका, हा खराच आहे हो, एवढा नालायक माणूस व्हिडिओत मावत नाही.
ताई हसली. अण्णांनी डोळे मिटले. ताईने चमचा ओठाला लावून धरला होता. माझ्या तोंडातून निघालं, शाब्बास अण्णा.
१.३० ला घंटा.
संध्याकाळी लाल ओळ. ढमाल्या. वाचली. झोपलो.

२९ मार्च, शनिवार
ताईचा फोन. काल अण्णांना दवाखान्यात नेऊन नाकातून नळी बसवली. पावडर पाण्यात कालवायची आणि दिवसातून सहा वेळा सिरिंजने सोडायची. तोंड उघडावं लागत नाही. ताई म्हणाली, तू आता एकला फोन करायची गरज नाही. टोमणा नव्हता. तसं वाटलं तरी.
विचारलं, ते मला विचारतात का. म्हणाली, नळीने नीट बोलता येत नाही.
आज एक ते दीड मोकळा होतो. लॉकर उघडला नाही. शेजारचा माणूस जेवत होता, त्याच्याकडे बघत बसलो.
नळी, सिरिंजा, पावडरचे चार डबे, दवाखान्याची एक रात्र. ताईने आकडा सांगितला नाही, तुला जमेल तेवढं म्हणाली.
पाठवतोय: अकरा हजार चारशे.