फळीवरचं तिसरं खोकं

टर्की रन, व्हर्जिनिया
९ मे

लोरीनबाई,

ओळख पटतेय का? मी तुझी आई. विसरली असशील म्हणून खूण सांगते: डाव्या गालावर मस, घर डोंगराखाली, आणि एकवीस वर्षांत तुझा फोन एकदाच, तोही चुकून लागलेला. मी बरी आहे, गुडघे बरे नाहीत. अक्षर ड्रीमाचं, आपल्या टपालवालीचं. गाडी दारात चालू ठेवून लिहितेय, तेव्हा पेट्रोल तुझ्यापायी जळतंय.

यंदा पायवाटेवर गर्दी फार. पाठीवर बिऱ्हाड घेऊन महिनोन्‌महिने डोंगर तुडवायचे, हे खूळ मला अजून कळलं नाही. पण माझ्या ओसरीवाचून त्यांचं चालत नाही. पुढच्या खाण्याची खोकी माझ्या पत्त्यावर आधीच पाठवून ठेवतात. इथं आले की नाव सांगायचं आणि आपलं खोकं फळीवरून उचलायचं. खरं नाव तेवढ्यापुरतंच. एरवी वाटेवर दुसऱ्यानं ठेवलेलं नाव चालतं. मी बसल्याजागी कितीतरी नावं ठेवलीत. सगळे हसतात.

गेल्या गुरुवारी एक पोरगी आली. जाडजूड, धापा टाकत, गुडघ्यापर्यंत चिखल. ओसरीवर चौघं बसलेले. मी म्हटलं, "ही बघा आमची डुकरीण आली! पायऱ्या जपून गं, लाकूड जुनं आहे." चौघं खिंकाळले. तीही हसली.

मग माझ्याशेजारी बसून न सांगता मटार सोलू लागली. म्हणते, "आजी, तुम्हाला मुलंबाळं?"

ड्रीमा, हे गाळ. नको, लिही.

मी म्हटलं, "एक होती. पोट घेऊन पळाली. तिची पिलावळ या दारात आली तर कुत्रं सोडीन अंगावर."

ओसरी हसली की माझी जीभ थांबत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत? कुत्रं मरून तीन वर्षं झाली. पण तिला काय ठाऊक.

तिनं उरलेले मटार सोलून संपवले. "तुझं खोकं आहे का गं?" मी विचारलं. "नाही," म्हणाली आणि पिशवी पाठीला लावून निघाली. पुढचं दुकान चार दिवसांवर.

काल उत्तरेकडून एक दाढीवाला उतरला, हसत हसत. "आजी, ती डुकरीण तुमची कोण? वाटेवरच्या निवाऱ्यांत येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी वह्या असतात, त्यांत लिहीत चाललीय, 'डुकरीण. नाव माझ्या आजीनं ठेवलं.' खायला मात्र लोकांकडे मागतेय."

ड्रीमाकडून फळीवरची सगळी खोकी वाचून घेतली. तिसऱ्यावर हॅटी. पुढं आपलं आडनाव. महिनाभर माझ्या डोक्यावर होतं ते.

आत ओट्स, शेवया, आणि तुझा डबा. सुक्या सफरचंदांचा थरांचा केक, माझ्याच पद्धतीचा. वर चिठ्ठी: "आईसाठी." म्हणजे तूच धाडलं होतंस तिला. एक ओळ आधी कळवली असतीस तर... जाऊ दे. कळवली असतीस तरी मी काय बोलले असते, देव जाणे.

केक मी खाल्ला. सगळा.

खालची सहीची फुली माझी आहे, ड्रीमाची नाही.

×

तिच्या पुढच्या गावच्या टपालात तसाच केक पाठव. सफरचंदं दुप्पट घाल. डब्यावर हॅटी असं मोठ्या अक्षरांत लिही, आणि माझं नाव कुठंही घालू नकोस, नाहीतर ती खायची नाही.